आयत्या वेळचे विषय

दर पावसाळ्यात हिंजवडीपासून वाकडच्या पुलापर्यंत गाड्यांची रांग लागली की पुण्यात एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. एक पक्ष म्हणतो, सगळे काम लॅपटॉपवर चालते, टीम्स आहे, झूम आहे, गूगल मीट आहे, मग माणसांना रोज दोन-दोन तास रस्त्यावर कशाला ताटकळत ठेवता? दुसरा पक्ष म्हणतो, या ऑनलाइन बैठकांनीच कामाचे वाटोळे केले. समोरासमोर पाच मिनिटांत मिटणारा विषय पडद्यावर पन्नास मिनिटे चघळला जातो, तेव्हा निमूटपणे ऑफिसला या. दोन्हीकडचे लोक आपापल्या अनुभवावरून बोलतात, त्यामुळे ऐकताना दोघांचेही पटते, आणि घोळ तिथेच होतो. बैठक घरून असावी की ऑफिसातून, यावर इतका गदारोळ चालू असताना ज्याला आपण बैठक म्हणतो आहोत ती मुळात बैठक आहे का, हे कोणी विचारत नाही. माझे मत असे की ऑनलाइन बैठकांबद्दलच्या बहुतेक तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांचे खापर सॉफ्टवेअरवर फोडण्यात अर्थ नाही. सभा कशी चालवावी याची जी रीत या शहराने दीडशे वर्षांपूर्वी अंगी बाणवली, आणि जी आपल्या गृहनिर्माण संस्था, पतपेढ्या आणि महापालिका आजही रडतखडत का होईना पाळतात, ती ऑफिसातील बैठक पडद्यावर नेताना आपण चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवली.

हे मत मला दोन नोकऱ्यांच्या कात्रीत सापडल्यामुळे सुचले, त्यांपैकी एक बिनपगारी आहे. दिवसा मी बाणेरच्या एका अभियांत्रिकी कंपनीत प्रकल्पांची वेळापत्रके सांभाळतो आणि उरलेल्या वेळात कोथरूडमधील आमच्या ६४ सदनिकांच्या सोसायटीचा मानद सचिव म्हणून शिव्या खातो. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा हा पुणेकरांच्या थट्टेचा हक्काचा विषय आहे. १४ दिवस आधी नोटीस लावायची, पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, मग ताळेबंद, लेखापरीक्षकांची नेमणूक, गच्चीची गळती, आणि सर्वांत शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांवर चर्चा करणे’. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे जमली नाहीत की सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तीच माणसे बसून तहकूब सभा रीतसर सुरू होते. हसू येते खरे. मात्र गच्चीचे काम कोणत्या ठेकेदाराला दिले, कोणी सुचवले, कोणी अनुमोदन दिले आणि बी विंगमधल्या कोणत्या सभासदाने विरोध नोंदवला, हे दहा वर्षांपूर्वीच्या सभेबद्दल विचारले तरी मी वही उघडून दोन मिनिटांत सांगू शकतो. ऑफिसात काही महिन्यांपूर्वी एक पुरवठादार का बदलला, हे शोधायला मला अर्धा दिवस लागला आणि तरीही नक्की उत्तर मिळाले नाही.

ज्या बैठकीत तो विषय निघाला ती मला चांगली आठवते. दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीतील ग्राहकांबरोबर आमची बैठक असते, कारण तेव्हा तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की हीच बैठक आमच्या साडेआठला येते आणि घरातल्या जेवणाच्या वेळा चार महिने बिघडतात, पण ते असो.) निमंत्रणात शीर्षक म्हणून ‘सिंक’ एवढा एक शब्द, खाली लिंक, आणि विषयपत्रिकेच्या जागी काहीही नाही. पडद्यावर २३ चौकोन, त्यांतले निदान आठ जण ‘कानावर असलेले बरे’ म्हणून बोलावलेले. पहिली सहा-सात मिनिटे ‘माझा आवाज येतोय का’ आणि ‘स्क्रीन दिसतेय का’ यांत गेली; मध्येच कोणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी झाली. त्यानंतर अर्धा-पाऊण तास एका आरेखनातील रंगांच्या खुणांवर चर्चा झाली, जी दोन माणसांनी आधी बोलून मिटवायला हवी होती. आठ वाजून सव्वीस मिनिटांनी, सहा जण निघून गेल्यावर, पलीकडून कोणीतरी सहज म्हणाले की तो पुरवठादार बदलावा लागेल. इकडून कोणीतरी ‘ओके’ म्हटले. चौकोन एकेक करून मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या चॅटवर १४० संदेश जमले होते आणि त्या सर्वांचा विषय एकच होता: ते ‘ओके’ म्हणजे निर्णय होता की नुसता हुंकार? सोसायटीच्या भाषेत सांगायचे तर ती संपूर्ण बैठक आयत्या वेळच्या विषयांची होती, आणि त्यांना परवानगी द्यायला अध्यक्षही नव्हता.

हे पुण्यात घडावे याचे मला विशेष वाटते. पुणे सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली, ती पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून, म्हणजे आजच्या सोसायटीच्या भांडणांहून फार वेगळ्या नसलेल्या कारणातून. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभासदत्वाची अट काय घातली होती? निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, म्हणजे आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत हे दाखवून मगच सभेत बसावे. त्या अटीत त्या काळची मर्यादा होतीच. ज्यांच्यामागे सह्या करणारे ५० जण उभे राहू शकत नव्हते त्यांना त्या सभेत जागा नव्हती. पण तत्त्व पाहा. प्रत्येक खुर्चीला कारण हवे, आणि ते कारण बसणाऱ्याने स्वतः सिद्ध करायला हवे. आमच्या बुधवारच्या २३ जणांपैकी किती जणांना आपण कोणाच्या वतीने आणि कशासाठी बसलो आहोत हे सांगता आले असते? निमंत्रणाच्या यादीत आणखी एक नाव टाकायला एक सेकंद लागतो, आणि त्या नावाच्या माणसाचा तास जातो.

कोणी म्हणेल, दीडशे वर्षांपूर्वीच्या सभेची रीत पडद्यावर कशी चालेल? ती चालते, आणि आपल्या कायद्याने ती चालवूनही दाखवली आहे. अमेरिकेतील एका डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येईल का, असा प्रश्न महाराष्ट्रातील एका खटल्यात उभा राहिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी स्काइप जन्माला आले त्याच वर्षी, निर्वाळा दिला की आरोपीच्या ‘उपस्थितीत’ साक्ष घेणे याचा अर्थ तो त्याच खोलीत असलाच पाहिजे असा होत नाही. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालकांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे मंडळाच्या बैठकीला हजर राहण्याची मुभा दिली आणि २०१४ च्या नियमांनी ती बैठक कशी चालवायची हेही सांगितले. सुरुवातीला अध्यक्षांनी हजेरी घ्यायची. प्रत्येक संचालकाने आपले नाव सांगायचे, आपण कुठून बोलतो आहोत ते सांगायचे, विषयपत्रिका आणि कागदपत्रे मिळाली आहेत असे सांगायचे, आणि आपल्या ठिकाणी दुसरे कोणी हे ऐकत नाही याची ग्वाही द्यायची. कोणत्याही विषयावर बोलण्याआधी बोलणाऱ्याने आपली ओळख द्यायची. प्रत्येक विषय संपल्यावर अध्यक्षांनी निर्णयाचा सारांश मोठ्याने सांगायचा, आणि बहुमताच्या निर्णयाला ज्यांचा विरोध असेल त्यांची नावेही सांगायची. त्यानंतर १५ दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा सर्वांकडे पाठवायचा.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट पुढची वाटते. वार्षिक हिशेबांना मंजुरी देणे किंवा कंपन्यांचे विलीनीकरण असले काही गंभीर विषय ऑनलाइन बैठकीत घेऊ नयेत, असे बंधन या नियमांनी सुरुवातीला घातले होते. कोविडच्या काळात ते तात्पुरते शिथिल झाले आणि जून २०२१ मध्ये ते कलमच काढून टाकले गेले. पडद्यावरच्या बैठकीत गंभीर निर्णय होऊ शकत नाहीत, ही समजूत कायद्याने आधी बाळगली, मग अनुभवाला लावून पाहिली आणि मग सोडून दिली. सोडताना हजेरी, ओळख, सारांश आणि विरोधाची नोंद या अटी मात्र जागच्या जागी ठेवल्या. ज्या कंपन्यांचे संचालक मंडळ हे नियम पाळून कोट्यवधींचे व्यवहार ऑनलाइन मंजूर करते, त्याच कंपन्यांत चार पायऱ्या खाली पंचवीस जणांची बैठक विषयपत्रिकेशिवाय भरते आणि मग तिथले वरिष्ठ सांगतात की ऑनलाइन बैठकांत काही ठरत नाही. यात दोष कोणाचा?

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे घेऊ. समोरासमोर बसण्याने जे साधते ते पडद्यावर साधत नाही, हा केवळ जुन्या लोकांचा हेका नाही. त्याला पुरावा आहे. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधी प्रयोगशाळेत आणि मग पाच देशांतील सुमारे दीड हजार अभियंत्यांवर प्रयोग करून असे आढळले की एकत्र बसलेल्या जोड्यांपेक्षा व्हिडिओवर बोलणाऱ्या जोड्यांना नव्या कल्पना कमी सुचतात. कारण नजर पडद्याला खिळते, आणि नजरेबरोबर विचारही आखडतो. बोलण्याच्या लयीचेही तसेच. दहा भाषांवरच्या एका अभ्यासानुसार एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यामधले अंतर सरासरी सेकंदाच्या एक पंचमांशाच्या आसपास असते. इंटरनेटवरून आवाज जाऊन येण्यात तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ गेला की दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात, आणि ‘तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तुम्ही बोला’ हा खेळ सुरू होतो. ज्याचा स्वर मोठा तो जिंकतो, मऊ बोलणारा गप्प बसतो. हे सगळे मला मान्य आहे.

पण त्या ‘नेचर’मधल्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग ऑफिसचे कैवारी सांगत नाहीत. सुचलेल्या कल्पनांमधून चांगली कोणती हे निवडण्यात व्हिडिओवरच्या जोड्या मागे पडल्या नाहीत. मग आपल्या आठवड्यातील बैठकांपैकी नव्या कल्पनांसाठी किती असतात आणि ठरवण्यासाठी, कळवण्यासाठी, कामाची स्थिती सांगण्यासाठी किती असतात, हे प्रत्येकाने आपले कॅलेंडर उघडून मोजावे. माझ्या गेल्या आठवड्यातील १९ बैठकांत पहिल्या प्रकारची एक होती. त्या एकीसाठी मी आनंदाने हिंजवडीच काय, चाकणलाही जाईन. आणि लयीच्या अडचणीवर तर सभेची रीत हाच जुना उतारा आहे. नाव घेऊन बोलायला सांगणारा अध्यक्ष कशासाठी असतो? शेजारच्या भल्या मोठ्या आवाजापुढे मऊ बोलणाऱ्याची पाळी यावी म्हणूनच. समोरासमोरच्या सभेत नजरेच्या खुणा हे काम अर्धेमुर्धे करतात. जिथे नजर पोहोचत नाही तिथे अध्यक्षाची गरज वाढते. आपण नेमके उलट केले, अध्यक्षच काढून टाकला.

याच्याशीच जोडलेला आणखी एक मुद्दा मला अनेक वर्षे उमगला नव्हता. ऑफिसातील जुन्या बैठकाही विषयपत्रिकेशिवायच होत असत, मग त्या इतक्या वाईट का वाटत नसत? कारण तिथे रीतीचे काम भिंती करत होत्या. खोलीत खुर्च्या आठ, म्हणून माणसे आठ. तासाचा ठोका पडला की पुढच्या गटाचे लोक काचेच्या दारावर टकटक करत, म्हणून बैठक तासात संपे. बैठक संपल्यावर फळ्यावर काहीतरी उरे आणि कोणीतरी त्याचा फोटो काढून घेई. बाहेर पडताना पाच पावलांवर ‘मग आपण नक्की काय ठरवलं?’ हा प्रश्न विचारला जाई आणि त्याचे उत्तर मिळे. या सगळ्या आयत्या मिळालेल्या शिस्तीचे श्रेय आपण स्वतःला देत होतो. मार्च २०२० मध्ये खोली गेली, भिंतींबरोबर ती शिस्तही गेली, आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवले नाही. जवळपास २२ वर्षे चालून स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले; दरम्यान कंपन्यांनी एक सॉफ्टवेअर टाकून दुसरे घेतले, दुसरे टाकून तिसरे घेतले. ‘सिंक’ नावाची बैठक प्रत्येक स्थलांतरात सामानासकट पुढे आली.

नवखे लोक ऑफिसात शिकतात, ऑनलाइन शिकत नाहीत, हा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो खरा आहे. मी स्वतः जे शिकलो ते बैठकीच्या खोलीत नाही, खालच्या टपरीवर कटिंग पिताना आणि वरिष्ठांचे फोनवरचे बोलणे शेजारच्या टेबलावरून ऐकताना शिकलो. मायक्रोसॉफ्टने आपल्याच ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून केलेल्या अभ्यासातही २०२० मध्ये घरून काम सुरू झाल्यावर माणसांच्या संपर्काची जाळी अधिक बंदिस्त झाली आणि गटागटांना जोडणारे दुवे कमी झाले, असे दिसले. टपरीला पर्याय म्हणून दर शुक्रवारी ‘ऑनलाइन चहा’ ठेवणाऱ्यांची मला कीव येते. परंतु यावरून निघते काय? नवख्यांना ऑफिसात आणा, त्यांच्या शेजारी वरिष्ठांनाही आणा, आणि ते दोघे तिथे आल्यावर दिवसभर कानाला हेडफोन लावून न्यू जर्सी, बंगळुरू आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी टीम्सवर बोलत बसणार नाहीत याची व्यवस्था करा. खराडीच्या वा हिंजवडीच्या कोणत्याही मजल्यावर दुपारी चार वाजता चक्कर मारली तर काय दिसते? एकाच रांगेत बसलेले सहा जण एकाच ऑनलाइन बैठकीत असतात आणि एकमेकांचा आवाज दोनदा ऐकतात, एकदा हवेतून आणि एकदा हेडफोनमधून. त्यासाठी त्यांतला एखादा सिंहगड रोडवरून दीड तास गाडी चालवून आलेला असतो.

रीत म्हणजे लाल फीत, हा उलट बाजूचा आक्षेप आहे आणि तो घरून काम करणारी तरुण मंडळी घेतात. सरकारी कचेरीतील टिप्पण्यांचा डोंगर ज्यांनी पाहिला आहे त्यांना इतिवृत्त या शब्दाचीच धास्ती वाटते, हे मी समजू शकतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी जुन्या कागदी पद्धतीविरुद्ध बंड केले ते काही उगाच नव्हे. पण त्या बंडातून आलेली सर्वांत यशस्वी बैठक कोणती? रोज सकाळी उभ्याने घ्यायची पंधरा मिनिटांची बैठक. काल काय केले, आज काय करणार, अडचण काय, एवढ्या तीनच प्रश्नांची. पाय दुखले की संपणारी. आमच्या सोसायटीच्या सभेपेक्षा ही रीत कितीतरी कडक आहे. ती पडद्यावर आली तेव्हा सगळे खुर्चीत बसले, पाय दुखेनासे झाले, आणि पंधराची चाळीस मिनिटे झाली.

‘मग बैठका बंदच करू, सगळे चॅटवर बोलू’ असे म्हणणारा एक तिसरा पक्ष हल्ली जोर धरतो आहे. त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण बैठकीपेक्षा चॅटने आपला दिवस जास्त खाल्ला आहे आणि तिकडे लक्ष कमी गेले आहे. सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक संदेश येतो: ‘हाय सर’. मी हातातला हिशेब सोडून ‘हाय’ लिहितो. खाली तीन ठिपके नाचू लागतात, थांबतात, पुन्हा नाचतात. ‘आहात का?’ आहे. पुन्हा ठिपके. दोन मिनिटांनी: ‘एक छोटंसं काम होतं.’ बोल. यानंतर समोरचा चहाला जातो की काय कोण जाणे, पण ११ वाजून २४ मिनिटांनी मूळ प्रश्न येतो, जो पहिल्याच वाक्यात मावला असता. पोराचा दोष नाही. त्याला वाटते थेट कामाचे बोलणे उद्धटपणाचे, आणि तोंडी बोलताना ते तसे असतेही. पण त्याच्या शिष्टाचाराची चौदा मिनिटे माझ्या खात्यातून गेली.

टपालाच्या इतिहासात याचा चपखल दाखला आहे. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुधा ज्याला पत्र मिळे त्याने भरायचे असत. त्या वर्षी पेनीच्या तिकिटाने तो भार लिहिणाऱ्यावर टाकला. आपल्याकडे १८५४ मध्ये अंतर कितीही असो, अर्धा आणा हा पत्राचा दर ठरला आणि तिकीट न लावता पाठवलेल्या पत्रासाठी मात्र घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली सुरू झाली. घरी ‘नॉटपेड’ पत्र आले की पाठवणाऱ्याच्या नावाने वडीलधारी माणसे काय पुटपुटत, हे वयाची पन्नाशी उलटलेल्या वाचकांना आठवत असेल. तारेचे तर शब्दागणिक पैसे, एक्सप्रेस तारेचा दर आणखी चढा. म्हणून ‘आई आजारी ताबडतोब निघा’ यात एक शब्द फुकट नसे, आणि ताबडतोब म्हणजे खरोखरच ताबडतोब असे. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातील तार बंद झाली. आज चॅटवरचा प्रत्येक संदेश नॉटपेड आहे. पाठवणाऱ्याला तो फुकट पडतो, ‘अर्जंट’ हा शब्दही फुकट पडतो, आणि वसुली घेणाऱ्याच्या लक्षातून होते. म्हणून बैठका बंद करून सगळे चॅटवर नेणे म्हणजे एका तासाची उधळपट्टी थांबवून ती दिवसभर सुट्या पैशांत करणे होय. शिवाय चॅटवर जो आधी आणि वारंवार लिहितो त्याचे मत ठरून जाते. दुपारी जेवून आलेल्याने वाचेपर्यंत विषय शंभर संदेश मागे पडलेला असतो, आणि आपला विरोध कोणत्या संदेशाखाली नोंदवावा हेही त्याला कळत नाही.

कामाच्या वेळेबाहेर संदेशांना उत्तर न देण्याच्या हक्काची चर्चा आपल्याकडे होते ती स्वागतार्हच आहे. फ्रान्सने २०१७ पासून तशी तरतूद केली. आपल्या जिल्ह्यातील बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. फक्त एवढेच की संध्याकाळी सहानंतर नॉटपेड पत्रे नाकारण्याचा हक्क मिळाला तरी सकाळी दहा ते सहा ती घेत राहावीच लागतील. कॅमेरा सुरू ठेवावा की बंद, या वादाला तर मी दोन वाक्यांपेक्षा जास्त जागा देणार नाही. ज्याच्या घरात दोनच खोल्या आहेत आणि एकीत मुलाचा अभ्यास चालू आहे, त्याच्याकडून आठ तास चेहरा मागणाऱ्या वरिष्ठाला तो माणूस बैठकीत काय बोलला हे बहुधा आठवत नसते. नावापुढच्या हिरव्या ठिपक्याचेही तेच. काही ठिकाणी पाच मिनिटे माउस हलला नाही की तो ठिपका पिवळा होतो, म्हणून माझा एक सहकारी मनगटी घड्याळ टेबलावर ठेवून त्याच्या सेकंद काट्यावर माउस ठेवतो आणि निवांत विचार करतो. आमच्या विभागातील सर्वांत चांगली आरेखने त्याची असतात.

शेवटचा युक्तिवाद अगदी ताजा आहे: आता यंत्रच बैठकीचे टिपण काढते, तेव्हा इतिवृत्ताची चिंता संपली. मी हे वापरून पाहिले. आमच्या एका अंतर्गत बैठकीत, जी नेहमीप्रमाणे मराठी, हिंदी आणि इंग्रजीच्या खिचडीत चालली होती, एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना शुक्रवारपर्यंत एक काम कराल का असे विचारले. ते म्हणाले, ‘बघतो.’ खोलीतल्या प्रत्येक मराठी माणसाला कळले की हे काम होणार नाही. यंत्राने सारांशात लिहिले: काम स्वीकारले, मुदत शुक्रवार. यंत्राची चूक म्हणावी तरी कशी? त्याने शब्द अचूक टिपला होता. इतिवृत्त म्हणजे बोललेल्याची नक्कल नव्हे. काय ठरले हे सर्वांसमोर वाचून दाखवून ‘कायम करणे’ आहे, आणि कायम करण्याचे ते दोन शब्द सोसायटीच्या नोटिशीत पहिल्या क्रमांकावर असतात ते उगाच नाही. यंत्राने मसुदा जरूर लिहावा. तो मोठ्याने वाचला असता तर आमचे ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले असते, ‘अहो, तो माझा नकार होता.’

गेल्या तीन महिन्यांपासून आमच्या बुधवारच्या बैठकीत आम्ही थोडे बदलले आहे. विषय मंगळवारी दुपारपर्यंत लेखी आले नाहीत तर बैठक होत नाही, शेवटची सात मिनिटे निर्णय वाचण्यासाठी राखलेली असतात, आणि वाचताना कोणाचा विरोध आहे का हे विचारून त्याचे नाव लिहिले जाते. यश संमिश्र आहे. चौकोन २३ वरून ११ वर आले, त्यावर वगळलेल्यांपैकी दोघे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. न्यू जर्सीच्या मंडळींना सुरुवातीला हा प्रकार कोर्टासारखा वाटला. पण पाचव्या आठवड्यात, एरवी वर्षभर तोंड न उघडलेल्या सोलापूरच्या एका मुलीने, विरोध आहे का असे विचारल्यावर ‘आहे’ म्हटले, आणि तिने दाखवलेली चूक खरोखरच होती. माझ्या बाकीच्या १८ बैठका होत्या तशाच आहेत.

सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरीपर्यंत घ्यायची आहे. ए विंगमधील एका सदनिकेचे मालक बोस्टनला असतात. आम्ही सगळे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसू तेव्हा त्यांना लिंकवरून हजर राहायचे आहे. त्यावर तळमजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठून विचारले, ‘सचिव, तो पडद्यावरचा माणूस गणसंख्येत धरणार का? आणि मतदानाला हात वर केला तर तो त्याचाच हात कशावरून?’ प्रश्न योग्य आहे. मी दोघांनाही आपापले म्हणणे लेखी द्यायला सांगितले, दोघांची पत्रे आली आहेत, आणि नोटिशीत तो विषय सहाव्या क्रमांकावर, गच्चीच्या गळतीच्या आधी टाकला आहे.